हातचं राखून

फेब्रुवारी. उणे एकोणीस.
राइली मावशीच्या गॅरेजात हीटर एकच,
तोही गाडीकडे तोंड करून.
चौऱ्याऐंशीची स्टारलेट, आतून सोललेली.
जुनं सगळं वायरिंग तिने उपसून बादलीत टाकलंय,
माशाच्या पोटातली आतडी टाकावीत तसं.

रविवारी पुक्कीयार्वी तळ्याच्या बर्फावर
माझी पहिली शर्यत.
मला हवेत पुढे चार दिवे, एक पंखा,
काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर,
आणि निळं उजळणारं एक घड्याळ.
यादी वाचून ती म्हणाली,
नाताळ गेला की गं.

तीस वर्षं तिने राउमाच्या गोदीत
जहाजांच्या पोटात तारा ओढल्या.
बोलते तीही मोजून, मीटरच्या हिशोबाने.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर. त्याहून लांब नाही.
कोणाची वीत?
माझी, म्हणाली, आणि पंजा पसरला.
करंगळी अर्धीच, त्यामुळे वीत जरा आखूड.
फ्यूज दिव्यासाठी नसतो, साइमी.
दिवा मेला तर मरू दे.
तार पेटता कामा नये.

दिव्यांचा भार बटणावर टाकायचा नाही.
बटणाने नुसतं खुणवायचं,
ओझं रिले उचलतो.
म्हणजे ताउनो काका आणि तू, मी म्हटलं.
ती हसली नाही,
पण पक्कड क्षणभर थांबली.

सोल्डर नको. ते ताठ होतं,
आणि ताठ असेल ते हादऱ्यात तुटतं.
टोक दाबून बसव, मग ओढून बघ.
जोरात.
आपलं माणूस असल्यासारखं नको.

काळी तार मी रंगावरच आवळली होती.
तिने बोल्ट काढला, हातात पॉलिशपेपर दिला:
रंगावर अर्थ लागत नाही.
खरवड.
मी खरवडत बसले. पांढरा, त्याखाली लाल,
लालखाली कोणा अनोळखी मालकाचा हिरवा,
मग एकदाचा पत्रा.

जिथे पत्र्याला भोक, तिथे रबराची कडी.
भोकाची कड तिने अंगठ्याने चाचपली.
ताउनोची गाडी इथूनच पेटली.
कड काही धारदार नव्हती.
हंगामभर नुसती घासत राहिली, आणि
पुढचं वाक्य तिने चिकटपट्टीत गुंडाळलं,
बाहेर जाऊन पायरीवरचा बर्फ ओढत राहिली.
परतली ती दुसऱ्याच तारेपाशी.

तार मात्र हातचं राखून काप, म्हणाली.
वळणावर थोडी सैल राहू दे.
गाडी पिळवटते, तुला कळतही नाही.

रविवारी तपासणीला तोर्स्ती वुओरेला,
भुवयांवर हिमकण.
फ्यूज पाहिले, कड्या पाहिल्या, मान हलवली.
मग काचेखालच्या निळ्या त्रिकोणापाशी
जाड हातमोज्याने लाल कडी ओढली.
इंजिन चालूच.
पुन्हा ओढली.
चारही दिवे जळत होते, पंखा फिरत होता.
बॅटरी केव्हाच तुटली होती, पण अल्टरनेटर
आपला भरवतच होता घरच्यांना,
कुणी काही सांगितलंच नाही त्याला.

चाळीस मिनिटं, तोर्स्ती म्हणाला,
आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. भला माणूस.

राइली मावशी काही बोलली नाही.
तेवढ्या दोनच बारीक तारा राहिल्या होत्या.
मला पायरीवरचा बर्फ आठवला.
मी टॉर्च धरली.
उघड्या हातांनी, गुडघ्यांवर बसून,
तिने त्या खटक्याच्या मागे नेल्या,
ओढून पाहिल्या. जोरात.

ओढ आता.
मी कडी ओढली.
इंजिन जागच्या जागी गेलं.
इतकं शांत झालं, की तळं खालून कण्हलेलं ऐकू आलं.
पुन्हा चालू कर, म्हणाली. पुन्हा ओढ.
तीनदा. चौथ्यांदा तोर्स्तीच म्हणाला, पुरे.

मग तिने मला सीटमध्ये बसवलं,
आणि पट्टे आवळताना मात्र
हातचं काही राखलं नाही.